प्रांत विचारा : बे एरियात अस्सल चिनी जेवण कसं शोधायचं

नवी मराठी मंडळी नोकरीसाठी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, येऊन पोचली, घर लागलं, गाडी आली, की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो : "इथे चांगलं चायनीज कुठे मिळतं?" सनीवेलमध्ये राहून मला चौदा वर्षं झाली, तरी या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कुणी आपल्याला "चांगलं इंडियन कुठे मिळतं?" असं विचारलं तर आपण आधी उलट विचारतो, की बाबा, तुला हवंय काय? मालवणी सागोती, खानदेशी शेवभाजी, इडली-सांबार की लखनौचे कबाब? चीन तर क्षेत्रफळाने आपल्या जवळजवळ तिप्पट. तिथले लोक स्वतः 'आठ मोठ्या पाकपरंपरा' मोजतात : शानदोंग, सिचुआन, ग्वांगदोंग, ज्यांगसू, फूज्येन, जज्यांग, हुनान आणि आनह्वेई. मला मनापासून आवडणारी शीआन, लांजोउ, युन्नान आणि ईशान्य चीनची जेवणं या आठांत धरलेलीसुद्धा नाहीत.

चायनीज म्हटल्यावर आपल्या जिभेवर जी चव येते ती भारतात घडलेली आहे. कोलकात्याच्या टँगरा भागातल्या हाक्का या चिनी समाजाच्या कुटुंबांनी ती रुजवली. चिकन मंचुरियनचं श्रेय नेल्सन वाँग यांना दिलं जातं. १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी ते पहिल्यांदा केलं. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरची आपली शेजवान चटणी नाव सिचुआनचं सांगते, पण सिचुआनच्या राजधानीतल्या, चेंगदूतल्या माणसाला ती ओळखू येणार नाही. ही चव आपली आहे आणि मला ती आजही हवीहवीशी वाटते. फ्रीमाँट-सनीवेलमध्ये तिची वेगळी हॉटेलं आहेत, तिथे जाऊन ती जरूर खा. चिनी माणसाच्या हॉटेलात जाताना मात्र ती अपेक्षा घरी ठेवून जा, म्हणजे समोर आलेल्या ताटाला न्याय मिळेल.

पहिली पायरी : प्रांत ठरवा

तिखट खाणाऱ्यांनी सिचुआनपासून सुरुवात करावी. या जेवणाचा कणा 'मा-ला' हा आहे. 'ला' म्हणजे मिरचीचा तिखटपणा, तो आपल्याला नवा नाही. 'मा' म्हणजे जिभेला येणाऱ्या मुंग्या, ओठांना येणारा बधिरपणा. तो येतो 'ह्वाज्याओ' नावाच्या दाण्यांमुळे.

माझी आई मालवणहून पहिल्यांदा इकडे आली तेव्हा मी तिला कुपर्टिनोतल्या एका लहानशा सिचुआनी हॉटेलात घेऊन गेले होते. तिने मापो तोफूचा, म्हणजे खिमा घातलेल्या लाल तिखट रश्शातल्या सोयाबीनच्या मऊ पनीराचा, पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं, तिखट लागलं. ती बोटाने ताटलीतला एक तपकिरी, उकललेला दाणा बाजूला काढून बघत होती. मग तो हुंगला आणि म्हणाली, "गो, ह्यां तर तिरफळ!"

ती बरोबर होती. बांगड्याच्या तिखल्यात आपण जी तिरफळं टाकतो ती आणि ह्वाज्याओ एकाच जातकुळीतली झाडं आहेत, दोन्ही लिंबाच्या कुळातली. दोन्हीत चव असते ती सालीत. आतली काळी कुळकुळीत बी कचकच लागते म्हणून काढून टाकतात. कोकणातल्या माणसाला सिचुआनी जेवण जितकं पटकन कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. घाटावरच्यांना एक-दोन वेळा खावं लागेल, मग कळेल. लिंबाच्या कुळातला असल्यामुळेच ह्वाज्याओ अमेरिकेत १९६८ ते २००५ अशी जवळजवळ चार दशकं आणायला बंदी होती. त्यांच्याबरोबर लिंबू-संत्र्याच्या झाडांना लागणारा रोग येईल अशी भीती होती. पुढे दाणे तापवून आणायच्या अटीवर ती बंदी उठली. त्यामुळे इथल्या जुन्या 'सिचुआन' पाट्यांच्या हॉटेलांत खरा 'मा' कितीतरी वर्षं नीट मिळतच नव्हता. आज मिळतो, आणि तो मिळतो की नाही हीच सिचुआनी हॉटेलाची पहिली परीक्षा. मापो तोफू मागवा. तीन-चार घासांनंतर ओठ झिणझिणले नाहीत तर ते स्वयंपाकघर तुम्हाला बिचकून जेवण देतंय, किंवा त्यांना ते येत नाही.

सिचुआनी हॉटेलात आणखी बघण्यासारखं : 'दान दान' नूडल्स. खांद्यावरच्या कावडीला 'दान' म्हणतात; कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्याला नूडल्स-मसाले घेऊन फेरीवाले त्या विकत, म्हणून हे नाव. 'श्वेजू यू' म्हणजे शब्दशः 'पाण्यात उकडलेला मासा', प्रत्यक्षात माशाचे पातळ काप लाल तेलाच्या मोठ्या वाडग्यात तरंगत येतात. 'लाझ जी'त सुक्या मिरच्यांचा ढीग असतो आणि त्यात कोंबडीचे छोटे कुरकुरीत तुकडे शोधून खायचे असतात. मिरच्या ताटातच राहतात, त्या संपवायच्या नसतात.

तिखटापेक्षा पिठाचे पदार्थ आवडत असतील तर शीआनकडे वळा. शीआन ही शान्शी प्रांताची राजधानी, रेशीममार्गाच्या पूर्वेकडच्या टोकाचं शहर, त्यामुळे मटण, जिरं आणि गहू यांचं राज्य. इथला 'ल्यांगपी' हा पदार्थ मी प्रत्येक मराठी माणसाला आधी खायला सांगते. गव्हाची कणीक मळायची, ती पाण्यात धुवून धुवून चीक काढायचा, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे कुरडया घालताना हेच करतात, फक्त आपण गहू भिजवून-वाटून चीक काढतो. तिथे तो चीक ताटलीत पातळ पसरून वाफवतात आणि त्याच्या रुंद पट्ट्या कापतात. वर काकडी, मोड आलेले मूग, लसणाचं पाणी, काळं व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. धुतलेल्या कणकेतून जो चिवट गोळा उरतो तोही वाया जात नाही. तो वाफवून स्पंजासारखा फुलवतात आणि त्याचे चौकोन वर टाकतात. रस सगळा त्या चौकोनांत शिरतो. गार खायचा पदार्थ आहे, आणि बहुतेक ठिकाणी शाकाहारी असतो, तरी एकदा विचारून घ्या.

शीआनच्या हॉटेलात 'ब्यांगब्यांग' नूडल्सही असतील : पट्ट्यासारख्या रुंद, हाताने ताणून ओट्यावर आपटलेल्या. ओट्यावरचा तो थाप-थाप आवाज बाहेर ऐकू आला तर समजा की नूडल्स आत्ता होताहेत. 'पाओमो'ची गंमत वेगळी आहे. ते तुम्हाला रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट भाकरीसारखा पाव आणून देतात. तो तुम्ही स्वतः बोटांनी हरभऱ्याएवढा बारीक कुस्करायचा, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. मोठे तुकडे केलेत तर मधे कच्चट राहतात. माझ्या मुलांना हे काम फार आवडतं.

बाकीचे प्रांत थोडक्यात सांगते. लांजोउच्या हाताने ओढलेल्या नूडल्स मूळच्या ह्वेई मुसलमानांच्या, म्हणून तिथे डुक्कर नसतं, पण रस्सा गोमांसाचा असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच टाळावं. नूडल किती जाड हवी ते तुम्ही सांगायचं, केसाएवढ्या बारकीपासून कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंदीपर्यंत. ग्वांगदोंगचं म्हणजे कँटनी जेवण तिखट नसतं. ताज्या मासळीची पारख असणाऱ्यांनी तिथे जावं, आलं-पात घालून अख्खा वाफवलेला मासा मागवावा. दिमसम, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ, हा त्यांचा सकाळ-दुपारचा प्रकार, संध्याकाळी शोधू नका. शांघायकडचं जेवण किंचित गोडसर. तिथल्या 'श्याओलोंगबाओ'च्या चुण्या बघून उकडीचे मोदक आठवतात, आत मात्र डुकराचं सारण आणि गरम रस असतो. हुनानचं तिखट सिचुआनपेक्षा सरळ, 'मा' नसलेलं, आंबवलेल्या मिरचीचं आणि धुरावर सुकवलेल्या मांसाचं. ईशान्येकडे, म्हणजे दोंगबेइत, बटाटा, आंबट कोबी आणि डंपलिंग. युन्नानमध्ये अळंबी, आणि बकरीच्या दुधाचं 'रुबिंग' नावाचं चीज, जे परतून आलं की आपलं पनीरच वाटतं.

दुसरी पायरी : कुठल्या भागात जायचं

इथे थोडा इतिहास कामाला येतो. सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, सोन्याच्या शोधाच्या काळात वसलं आणि तिथे आलेले बहुतेक लोक ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावरचे होते. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली, ती १९४३ पर्यंत टिकली, आणि दारं खऱ्या अर्थाने उघडली १९६५च्या कायद्यानंतर. पुढे तैवान आणि हाँगकाँगहून लोक आले आणि नंतर मुख्य चीनमधून शिकायला आलेली मुलं सिलिकॉन व्हॅलीत इंजिनिअर झाली. अन्न त्यांच्यामागोमाग आलं. म्हणून आजही कँटनी जेवण आणि दिमसमसाठी सॅन फ्रान्सिस्को किंवा मिलब्रे, तैवानी आणि सिचुआनी जेवणासाठी कुपर्टिनो, आणि उत्तरेकडच्या नूडल्स-डंपलिंगसाठी मिलपिटास-फ्रीमाँट असा माझा ढोबळ हिशोब आहे. याला अपवाद भरपूर आहेत, पण पहिल्या महिन्यात एवढं पुरे.

जवळचा सोपा मार्ग म्हणजे चिनी किराणा दुकान शोधा. 'नाइन्टी नाइन रँच' हे दुकान ज्या आवारात असतं तिथे आजूबाजूला पाच-सहा तरी लहान हॉटेलं असतातच. कुपर्टिनोत होमस्टेड आणि वुल्फ रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं कुपर्टिनो व्हिलेज आणि मिलपिटासमध्ये बार्बर लेनवरचं मिलपिटास स्क्वेअर ही दोन आवारं मी नव्या माणसाला आधी दाखवते. शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. साडेअकराच्या आत पोचा.

पाटीवर नाव बघा. चेंगदू, छोंगछिंग, शीआन, लांजोउ, शांघाय असं शहराचं नाव असेल तर चांगली खूण. 'हुनान' किंवा 'सेचवान' एवढंच असेल आणि पाटी जुनी असेल तर जरा थांबा. १९७०च्या दशकात ती नावं अमेरिकेत फॅशनमध्ये आली होती आणि कुठल्याही स्वयंपाकघरावर लागत. सिचुआनच्या 'च्वान' या अक्षराची ओळख करून घ्यायला दहा सेकंद लागतात : जवळजवळ तीन उभ्या रेघा, डावीकडची जरा वाकलेली. नदीच्या प्रवाहाचं ते चित्र आहे. पाटीवर त्या तीन रेघा दिसल्या की आत सिचुआनी माणूस असायची शक्यता मोठी.

तिसरी पायरी : आत डोकावून बघा

फोनवरचे तारे मी फार मानत नाही. साडेतीन ताऱ्यांच्या कितीतरी जागा उत्तम निघाल्या. लोकांनी तारे कापलेले असतात ते वेटर हसला नाही म्हणून. लोकांनी टाकलेले फोटो मात्र जरूर बघा. पंचवीस फोटोंत एकच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तोच मागवायचा. चिनी भाषेतली परीक्षणं भाषांतर करून वाचा. "आमच्या घरच्यापेक्षा व्हिनेगर कमी" असली तक्रार तुम्हाला पन्नास कौतुकांपेक्षा जास्त सांगते.

दारात उभं राहिलात की टेबलांकडे नजर टाका. आजी-आजोबा, नातवंडं, एकाच टेबलावर तीन पिढ्या बसल्या असतील तर आत या. सांता क्लारा काउंटीत आरोग्य तपासणीचं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दाराजवळ लावलेलं असतं, तेही बघा. साधी जागा आणि अस्वच्छ जागा यांत फरक आहे आणि तो करायलाच हवा.

माझी स्वतःची आवडती खूण दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला दिसते. गर्दी ओसरलेली असते, कोपऱ्यातल्या टेबलावर मालकीणबाई आणि एक-दोन बायका वर्तमानपत्र पसरून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसलेल्या असतात, नाहीतर डंपलिंग भरत. भरणारीची बोटं बघत राहावीशी वाटतात : लाटी तळहातावर, सारण मधोमध, अंगठ्याने दाब, तीन-चार चुण्या, आणि दुसऱ्या क्षणाला ती पिठाच्या ताटात जाऊन बसलेली असते. त्याच वेळी कामगार जेवत असतील तर त्यांच्या वाडग्यांत काय आहे ते बघा आणि नम्रपणे विचारा, "हे मेनूवर आहे का?" मला टोमॅटो-अंड्याची साधी भाजी आणि आंबट-तिखट बटाट्याचा कीस हे दोन्ही पदार्थ असेच सापडले. एक मात्र ध्यानात ठेवा, पुष्कळ जागा तीन ते पाच बंद असतात.

चौथी पायरी : मेनू वाचायचा कसा

शंभर पदार्थांच्या मेनूला घाबरू नका. ऑरेंज चिकन, चाउमिन, फ्राइड राइस ही पानं बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी असतात आणि त्यांच्यावर हॉटेल चालतं, त्यात वाईट काही नाही. तुम्ही बघायचं ते 'खास पदार्थ' म्हणून वेगळं काढलेलं पान, भिंतीवर हाताने लिहिलेले कागद, आणि दुसऱ्या टेबलावर दिलेला मेनू तुमच्यापेक्षा वेगळा आहे का, हे. वेगळा असेल तर तो मागा. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा. एकाच मेनूवर पॅड थाय, सुशी आणि मापो तोफू तिन्ही असतील तर मी परत फिरते.

भाषांतरात विचित्र नावं येतील. 'नवरा-बायकोचे फुफ्फुसाचे काप' हा चेंगदूचा गार मांसाचा पदार्थ आहे, तो विकणाऱ्या जोडप्यावरून नाव पडलं. 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या' म्हणजे काचेसारख्या शेवयांना चिकटलेला खिमा. 'सिंहाचं डोकं' हा मोठा कोफ्ता. आणि 'माशाच्या वासाचं वांगं' यात मासा अजिबात नसतो. मासा शिजवताना जे आलं, लसूण, आंबवलेली मिरची वापरतात तोच मसाला वांग्याला लावलेला असतो. वांगी आवडणाऱ्या आपल्या लोकांनी हा पदार्थ चुकवू नये. तो मऊ, तेलकट, आंबट-गोड-तिखट असतो आणि साध्या भाताबरोबर दोन वाडगे सहज जातात.

मांस ओळखायचं अक्षरही शिकून ठेवा : खाली उघडी असलेली चौकट, आणि तिच्यात एकावर एक दोन लहान माणसं उभी केल्यासारखी. ते 'रोउ', म्हणजे मांस. त्याच्या अलीकडे दुसरं काही नसेल तर डुक्कर समजायचं.

शाकाहारी मंडळींसाठी, जरा सविस्तर

एका मैत्रिणीच्या आईला घेऊन आम्ही एका हॉटेलात गेलो होतो. परतलेल्या घेवड्याच्या शेंगा मागवल्या, "नो मीट" सांगितलं, वेटरने मान हलवली. शेंगा आल्या, सुंदर सुरकुतलेल्या, आणि त्यांच्यावर तपकिरी चुरा. काकूंना वाटलं, भाजलेल्या दाण्यांचा कूट. तो डुकराचा खिमा होता. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी पुढे जेवल्या नाहीत. ते अजून मला लागून राहिलंय. वेटरने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या स्वयंपाकात खिमा हा चिमूटभर मसाल्यासारखा वापरतात. 'मांस नको' याचा अर्थ त्यांनी 'मांसाचे तुकडे नकोत' असा घेतला.

म्हणून "नो मीट" एवढ्यावर कधीही थांबू नका. फोनवर एक टिपण करून ठेवा : मी शाकाहारी आहे, मांस, खिमा, मासे, कोळंबी, सुकट, ऑयस्टर सॉस, डुकराची चरबी, चिकन पावडर आणि हाडांचा रस्सा यांपैकी काहीही चालत नाही, अंडं चालतं, किंवा चालत नाही. चिनी भाषांतर करा आणि ऑफिसातल्या एखाद्या चिनी सहकाऱ्याकडून एकदा तपासून घ्या. कोणीही आनंदाने करून देतं. वेटरला टिपण दाखवा आणि वाचून होईपर्यंत थांबा. तोंडी सांगायचं तर "वो छ्र सू", मी शाकाहारी खातो. 'सू' हा शब्द बौद्ध परंपरेतला आहे. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'सू' पाळतात, आपल्या एकादशीसारखं, त्यामुळे मोठ्या वयाच्या माणसाला तो लगेच समजतो. कांदा-लसूणही चालत नसेल तर थेट बौद्ध शाकाहारी हॉटेलात जा, तिथे तो नियमच असतो.

भरवशाचे पदार्थ : आंबट-तिखट बटाट्याचा कीस, जो मुद्दाम किंचित कच्चा, कुरकुरीत ठेवतात, तो तसाच बरोबर असतो. ठेचलेली काकडी. लसणावर परतलेली वाटाण्याची कोवळी पानं किंवा नाळीची भाजी. 'दी सान श्येन', म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, 'मातीची तीन रत्नं'. हा दोंगबेइचा पदार्थ आमच्याकडच्या आजी-आजोबांना सर्वांत जास्त आवडतो. मापो तोफू खिम्याशिवाय करून मिळतो, त्यातली आंबवलेल्या वालासारख्या दाण्यांची आणि मिरचीची लाल पेस्ट शाकाहारीच असते. नूडल सूपच्या वाटेला मात्र जाऊ नका, रस्सा जवळपास नेहमी हाडांचा असतो.

मागवताना

चार माणसांना चार पदार्थ आणि साधा भात पुरतो. एक गार, एक तिखट, एक सौम्य किंवा रस्सा असलेला, एक पालेभाजी. सगळं मधे ठेवून वाटून खायचं. आपण करतो ती नेहमीची चूक म्हणजे दोन नूडल्स, दोन फ्राइड राइस. मग पोट भरतं आणि त्या स्वयंपाकघराचं काम चाखायचं राहून जातं. "इथे काय चांगलं आहे?" याऐवजी "तुम्ही कुठल्या गावचे? तिकडचा कुठला पदार्थ इथे करता?" असं विचारा. मी हा प्रश्न विचारल्यावर गप्प असणारी माणसं खुलताना पाहिली आहेत. पालेभाजी "आज ताजी कुठली?" असं विचारून घ्यावी. तिखटाबद्दल 'वेइ ला' म्हणजे कमी, 'जोंग ला' म्हणजे मध्यम. पहिल्या वेळी मध्यम घ्या, मालवणी असलात तरी. 'मा' आणि 'ला' एकत्र आले की हिशोब बदलतो.

खाताना

काड्या जमत नसतील तर काटा मागा, कोणी काही म्हणत नाही. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका, मृतांपुढे उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं. श्याओलोंगबाओ थेट तोंडात टाकलात तर टाळू भाजेल. चमच्यात घ्या, कडेला बारीक चावा घ्या, रस पिऊन टाका, मग उरलेलं आल्याच्या किसाबरोबर. दिमसमला चहा संपला की किटलीचं झाकण तिरपं ठेवा, कुणीतरी येऊन भरेल, आणि चहा ओतणाऱ्याला टेबलावर दोन बोटं टकटक करून आभार मानतात.

बिलासाठी 'मायदान', उरलेलं बांधून घ्यायला 'दाबाओ'. काही लहान जागा फक्त रोख घेतात, तेव्हा जवळ पैसे ठेवा. टिप पंधरा ते वीस टक्के द्या. मापो तोफू दुसऱ्या दिवशी गरम भातावर आणखी छान लागतो, ल्यांगपी मात्र तिथेच संपवा, घरी आणला की तडकतो.

निघताना शेजारच्या किराण्यात शिरा. पीश्येनची, म्हणजे मापो तोफूत घालतात ती लाल पेस्ट, काळं व्हिनेगर आणि ह्वाज्याओचं पाकीट एवढं घेतलंत तर घरी मापो तोफू करता येतो. ह्वाज्याओ उघडल्यावर फ्रीजरमध्ये ठेवा, वास टिकतो. आईने परत जाताना एक पाकीट मालवणला नेलं आणि बांगड्याच्या तिखल्यात घालून पाहिलं. फोनवर म्हणाली, वास लिंबाच्या सालीसारखा येतो, पण बांगड्याला आपलंच तिरफळ लागतं. सुरमईला घालून बघते म्हणाली.